वेग उतरवण्याची कारागिरी

नारायणगावात किंवा मंचरला पुली-बेल्टच्या दुकानात जाऊन 'बारा इंची पुली द्या, ए सेक्शनची' म्हटलं की गल्ल्यावरचा माणूस पुली काढण्याआधी विचारणारच, "गिरणीला का कुट्टीला?" पिठाची गिरणी आणि कडबाकुट्टी ही इथली पुलीची दोन मोठी गिऱ्हाइकं. तिसरं रसवंतीचं, तेही उन्हाळ्यापुरतं. 'दुर्बिणीला. आरसा घासायचाय' असं उत्तर दिलं तर तो आधी आपल्याकडे बघेल आणि मग धंद्यातला माणूस विचारतो तोच नेमका प्रश्न विचारेल, "मोटार किती फेऱ्याची हाये, आन् उतरवायची कितीवर?"

या लेखाचा सगळा विषय त्या प्रश्नात आला. बाजारात मिळणारं विजेवरचं प्रत्येक हत्यार घाईचं असतं. चार इंची हँड ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. मिक्सर त्याच्याही पुढे. हातातलं ड्रिल अडीच-तीन हजार. विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार २८८० च्या आसपास, गिरणीची १४४० च्या आसपास. आणि काचेला आरशाचा आकार देताना फिरायचं किती? मिनिटाला तीस-चाळीस फेरे. पॉलिशला आल्यावर दहा-पंधरा. दुर्बिणीच्या आरशासाठी यंत्र जुळवणाऱ्याचं निम्म्याहून जास्त काम मोटारीचा वेग काढून घेण्याचं असतं. ताकद ठेवायची, घाई काढायची. ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच मोटारी जळतात, काचा तडकतात आणि आरशावर नको ती वर्तुळं उमटतात.

हा विषय जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात काढायला कारण आहे. महाराष्ट्रात आकाशाकडे तोंड करून बसलेले दोन मोठे आरसे याच दोन तालुक्यांच्या पट्ट्यात आहेत. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पैकी चौदा मधल्या चौरस किलोमीटरभरात आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. आणि आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटर आरशाची प्रकाशीय दुर्बीण, २००६ पासून. पहिली रेडिओ लहरी गोळा करते, दुसरी प्रकाश. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना पहिलीच्या तबकड्या शेतांमधून डोकावतात. दुसरीचा घुमट मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय दिसत नाही.

कारागिरीच्या लेखी हा मुलूख नवखा नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या दानलेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्या कांस्यकारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे त्या काळच्या संघटना, ठेवी स्वीकारणाऱ्या, पतपेढीसारख्या. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली चालती परावर्ती दुर्बीण केली तेव्हा तिचा आरसा काचेचा नव्हताच. तो तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा होता, म्हणजे कथिल वाढवलेलं कासंच. जुन्नरच्या कांस्यकाराला तो धातू ओळखायला फार वेळ लागला नसता. काच आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत सापडल्यावर.

आता काचेकडे. सहा इंची, एफ-आठ प्रकारचा आरसा हा हौशी दुर्बीणकारांचा ठरलेला पहिला आरसा. दीडशे मिलिमीटर व्यास, नाभीय अंतर त्याच्या आठपट, बाराशे मिलिमीटर. त्याचा खोलगटपणा मधोमध मोजला तर जेमतेम १.२ मिलिमीटर भरतो. ती खोली आणण्यासाठी एकूण काच उडवायची सुमारे सव्वीस ग्रॅम. हे काम हाताने होतं आणि हातानेच करावं. एक काच खाली पिंपावर, एक तिच्यावर, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची काच पुढे-मागे सरकवायची, दर काही घासण्यांनी ती थोडी फिरवायची, आणि स्वतः पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत राहायचं. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. दोन पृष्ठभाग कुठल्याही दिशेने, कुठल्याही स्थितीत एकमेकांवर घासले आणि तरीही सगळीकडे टेकून राहिले, तर ते गोलाचेच तुकडे असावे लागतात. दुसऱ्या कुठल्याच वक्र आकाराला हे जमत नाही. म्हणून ज्याने आयुष्यात कधी लेथ चालवला नाही असा शाळकरी मुलगाही, नेम धरून नव्हे तर बेनेम घासून, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका अचूक गोल काढू शकतो. मोजमापाची ही गंमत माझ्या मते शाळेतल्या भूमितीच्या पुस्तकात असायला हवी होती.

पण माणसाचं मन सहा इंचांवर थांबत नाही. बारा इंची, एफ-पाच आरसा घ्या. व्यास दुप्पट, पण खोली पावणेचार मिलिमीटर आणि उडवायची काच तीनशे तीस ग्रॅम. म्हणजे सहा इंचीच्या जवळजवळ तेरापट. इथे खांदे बोलायला लागतात आणि कोपऱ्यातल्या ड्रिलकडे लक्ष जातं.

सगळ्यांच्या मनात पहिला येतो ग्राइंडर. फरशी कापायला डायमंड चकती असतेच, मग तीच काचेवर धरली तर? काही जण धरतात. चार इंची चकतीची कड अकरा हजार फेऱ्यांना ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने जाते. काच उष्णतेची वाईट वाहक. जिथे चकती टेकली तिथे ती तापते, बाजूची थंडच राहते, आणि या फरकाने आत बारीक चिरा जातात. त्या वरून दिसत नाहीत, चार टप्पे पुढे गेल्यावर पॉलिशमध्ये उघड्या पडतात. शिवाय कोरड्या काचेची धूळ फुप्फुसात जाते. पाणी सोडावं तर हातातल्या २३० व्होल्टच्या यंत्रावर पाणी. अनुभवी लोक ग्राइंडर फक्त ढोबळ खड्डा पाडण्यापुरता वापरतात, तोही काच संथ फिरत्या पाटावर ठेवून, पाण्याची बारीक धार सोडून, तोंडाला मास्क लावून आणि मागे अर्थ लीकेज ब्रेकर बसवून. माझं मत विचाराल तर तोही वापरू नये. तीनशे ग्रॅम काच ऐंशी नंबरच्या पुडीने संथ यंत्रावर उडवता येते. वेळ लागतो, पण त्या वेळेत काच काय करते आहे ते कळत जातं.

दुसरं येतं ड्रिल. त्याला ट्रिगर असतो, हवा तेवढा कमी दाबला की झालं, असं वाटतं. ड्रिलची मोटार ब्रशची, आणि तिला थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला. फेरे कमी केले की जोरही जातो आणि वाराही. अर्ध्या तासात जळका वास येतो. ड्रिल चांगलं आहे ते दुसऱ्याच कामाला. जाड काचेतून गोल चकती कापणं किंवा कॅसेग्रेन दुर्बिणीसाठी आरशाच्या मध्यात भोक पाडणं, हे खांबी ड्रिल मशीनवर सुरेख होतं. पण ड्रिल बिट लावून नव्हे. बिटाऐवजी हव्या त्या व्यासाची पातळ पत्र्याची नळी चकमध्ये धरायची, काचेवर शाडूचा बांध घालून लहानसं तळं करायचं आणि त्यात पाणी आणि कार्बोरंडम. बेल्ट सगळ्यात संथ पुलीवर. नळी स्वतः काही कापत नाही. ती पुडीचे कण ओढत फिरते आणि कण कापतात. दर मिनिटाला नळी जराशी उचलायची, म्हणजे नवी पूड खाली शिरते. आरपार जाताना पलीकडच्या कडेचे टवके उडू नयेत म्हणून खाली दुसरी टाकाऊ काच राळेने चिकटवून ठेवतात. शाडूची माती गणपतीच्या हंगामात इकडे कुठेही मिळते. महागड्या कोअर बिटाची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

तिसरी सूचना पंख्याच्या रेग्युलेटरची. गिरणीची मोटार आहे, तिला रेग्युलेटर लावू आणि हळू करू. मंचरला मोटारी भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात ही कल्पना सांगितली तर तिथे हसतील, आणि बरोबर हसतील. एक फेज मोटारीत सुरू होण्यापुरतं लागणारं एक वेगळं वाइंडिंग असतं. मोटारीने वेग घेतला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच त्याला सोडवतो. वेग पुरेसा खाली आणला तर तो स्विच परत जुळतो, ते वाइंडिंग सतत चालू राहतं आणि जळतं. ते काही सेकंदांच्या कामासाठी भरलेलं असतं. मोटारीला आपल्या वेगाने फिरू द्यायचं आणि तिच्या पुढे वेग उतरवायचा, हा इथला नियम.

तो कसा उतरतो? मोटारीच्या दांड्यावर दोन इंची पुली, मधल्या दांड्यावर बारा इंची. एकास सहा. मधल्या दांड्यावर पुन्हा दोन इंची, पाटाच्या दांड्यावर पुन्हा बारा इंची. सहा साही छत्तीस. १४४० भागिले ३६ म्हणजे ४०, आणि बेल्टची थोडी घसर धरून त्याहून काही कमी. काच उडवायला हा वेग योग्य. जोर मात्र तितक्याच पटीने वाढलेला असतो. पाव हॉर्सपॉवरची मोटार पाटावरच्या काचेला चाळीस फेऱ्यांवर अशी ओढते की अडकलेलं बोट ती मोकळं करणार नाही. म्हणून बेल्टला जाळी हवीच. पॉलिशसाठी आणखी खाली यायचं असेल तर तिसरी पायरी किंवा वर्म गिअरबॉक्स. कारखान्यांत आता ठिकठिकाणी दिसणारा व्हीएफडी हा तिसरा उपाय. एक फेज वीज घेऊन तीन फेज मोटार हव्या त्या वेगाने चालवतो. चांगलं यंत्र आहे, पण वीस टक्क्यांच्या खाली चालवलं तर मोटारीचा स्वतःचा पंखा निकामी होतो आणि बाहेरून वारा द्यावा लागतो. पुली बिचारी काहीच मागत नाही.

आणि भंगारातला खरा हिरा म्हणजे गाडीचा वायपर. वायपरच्या मोटारीत वर्म गिअर आधीच बसवलेला असतो. बारा व्होल्टवर ती मिनिटाला चाळीस ते साठ-सत्तर फेरे मारते, जोर भरपूर, आणि ओल्या जागेत बारा व्होल्ट असल्याने जिवाला घोर नाही. मोठ्या आरशाच्या पाटाला ती पुरत नाही. पण यंत्रात आणखी एक हालचाल लागते. वरचं टूल पुढे-मागे हलवणारा दांडा. वायपरच्या मोटारीवर एक चकती, चकतीत वेगवेगळ्या अंतरावर भोकं, भोकात खिळा, खिळ्याला दांडा. खिळा बाहेरच्या भोकात घातला की घासणी लांब, आतल्या भोकात घातला की आखूड. सगळं मिळून हे झालं आरसा घासायचं यंत्र. आरसा खाली पाटावर तोंड वर करून संथ फिरतो. त्याच्यावर लहान टूल, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या थाळीवर चिकटवलेले बाथरूमच्या टाइलचे तुकडे. दांडा त्या टूलला फक्त पुढे-मागे सरकवतो. टूल फिरतं ते आरशाच्या घर्षणाने, स्वतःच्या मर्जीने.

या मर्जीतच पुढचं सगळं आहे. हाताने घासणाऱ्या माणसाच्या कुठल्याही दोन घासण्या सारख्या नसतात. तो थकतो, चहाला जातो, पाऊल कधी लहान पडतं कधी मोठं. त्याच्या या अनियमितपणामुळेच गोल येतो. यंत्र अनियमित नसतं. पाटाचे फेरे आणि दांड्याचे झोके यांचं गुणोत्तर समजा नेमकं एकास दोन बसलं, तर टूल दर फेऱ्याला आरशाच्या त्याच जागेवरून जाणार. मग तिथे चर पडतो, किंवा आरसा एका बाजूला चपटतो, आणि असा आरसा ताऱ्याची टिकली रेघ करून दाखवतो. म्हणून दात असलेल्या चेनपेक्षा घसरणारा व्ही-बेल्ट बरा. गिरणीवाल्याच्या दृष्टीने बेल्ट घसरणं हा दोष, तो राळ लावतो, ताण वाढवतो. आरसेवाला बेल्ट जरा ढिलाच ठेवतो. पुल्यांची मापं एकमेकांत पुरा भाग न जाणारी निवडतो, खिळा मधूनमधून दुसऱ्या भोकात टाकतो. यंत्राला मुद्दाम थोडं बावळट करावं लागतं.

दोन गोष्टी बारीक आहेत, पण त्यांच्यावर यंत्र जगतं. पहिली, पाटाच्या दांड्याचं बेअरिंग. कार्बोरंडमचा चिखल उडतो, दांड्यावरून ओघळतो आणि बेअरिंगमध्ये गेला की ते संपलं. उपाय साधा. पाटाखाली दांड्यावर प्लास्टिकचं टोपलं पालथं बसवायचं, त्याच्या कडेने पाणी बाहेरच्या टबात. दुसरी, स्वच्छता. ऐंशी नंबरच्या पुडीचा एक कण सहाशे नंबरच्या टप्प्यात शिरला तर आरशावर जो ओरखडा पडतो तो काढायला दोन टप्पे मागे जावं लागतं. गोठ्याशेजारच्या पडवीत, जिथे वाऱ्याबरोबर धूळ येते, तिथे हे काम नको. बंद खोली हवी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर ती धुवायला हवी, यंत्रासकट.

घासून झालं की पॉलिश. टाइलच्या जागी राळेचा थर, त्यात चौकोनी चर, आणि पुडीच्या जागी सिरियम ऑक्साइड. राळ हा विचित्र पदार्थ. हातोडीने मारली तर काचेसारखी फुटते, पण टेबलावर ठेवून दिली तर काही दिवसांत पसरते. आरशाच्या आकाराला ती हळूहळू वळते, म्हणूनच उपयोगी. जुन्नरला जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली येतो आणि एप्रिलमध्ये दुपारी चाळिशीला टेकतो. हिवाळ्यात जमलेली राळ उन्हाळ्यात पाघळते, चर बुजतात. मग थोडी जास्त कडक राळ, किंवा पहाटेचं काम. यंत्राचा वेग इथे आणखी उतरवायचा, कारण वेगाने पॉलिश म्हणजे घर्षणाची उष्णता, आणि तापलेली काच मोजता येत नाही.

कारण मोजायचं किती बारीक? प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक-अष्टमांश. साधारण सत्तर नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग. आणि ते मोजायला लागतं काय? दाढीचं ब्लेड. फ्रान्सच्या लिआँ फुकोने १८५८ मध्ये सुचवलेली ही चाचणी आजही तशीच चालते. अंधाऱ्या खोलीत आरसा उभा करायचा, दुप्पट नाभीय अंतरावर एका फटीमागे दिवा, आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत ब्लेडची धार हळूच सरकवायची. डोळा ब्लेडमागे. आरसा चंद्रासारखा उजळलेला दिसतो आणि त्यावर उंचवटे-खळगे सावल्यांनी उठून येतात, तिरप्या उन्हात माळरान दिसावं तसे. इथे एक प्रयोग सगळेच करतात. आरशाच्या पृष्ठभागावर अंगठा मिनिटभर टेकवायचा आणि परत येऊन ब्लेडमागून बघायचं. अंगठा होता तिथे टेकडी उभी असते. बोटाच्या उबेने काच फुगली, नॅनोमीटरभर, आणि डोळ्याला दिसली. काही मिनिटांत ती टेकडी विरते. ज्याने हे एकदा पाहिलं तो पॉलिशच्या यंत्राचा वेग वाढवायला पुन्हा हात लावत नाही.

गोलापासून पॅराबोला, म्हणजे मधोमध गोलाहून किंचित जास्त खोल असा आकार, करण्याचं शेवटचं काम मोठ्या आरशांतही पुष्कळदा हाताने होतं. सहा इंची एफ-आठमध्ये गोल आणि पॅराबोला यांतला फरक इतका थोडा की चांगला गोल जवळपास चालून जातो. बारा इंची एफ-पाचमध्ये तो आठपट होतो. तिथे यंत्र बंद करून माणूस पुन्हा पाटाभोवती चालू लागतो, तळव्याएवढ्या टूलने इथे तीस घासण्या, तिथे वीस, मग थंड होऊ द्यायचं, मग ब्लेड.

हे वेड जुनं आहे. विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये ज्या दुर्बिणीतून युरेनस शोधला तिचा धातूचा आरसा त्याने स्वतः घासला होता. पॉलिश सुरू झालं की तो हात उचलत नसे, बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत असे, एकदा सलग सोळा तास. पुढे त्याने यंत्रं केली. आयर्लंडच्या लॉर्ड रॉसने घासण्या-पॉलिशच्या यंत्राला वाफेचं इंजिन जोडलं आणि १८४५ मध्ये बहात्तर इंची आरशाची दुर्बीण उभी केली. अमेरिकेत हेन्री ड्रेपरने आपल्या यंत्रांचा तपशीलवार वृत्तांत १८६४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेतर्फे छापला, आणि त्याची यंत्ररचना हौशी मंडळी आजही बांधतात. जॉन डॉब्सन हा रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठातला संन्यासी. सॅन फ्रान्सिस्कोत त्याने जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून मोठे आरसे केले, तेही हाताने, आणि फळकुटांच्या साध्या बैठकीवर बसवून रस्त्यावरच्या लोकांना ग्रह दाखवले. यंत्र न वापरता मोठा आरसा होत नाही हे म्हणणं तो खोडून काढतो.

पुण्याची गोष्ट जरा वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कावसजी दादाभाई नायगामवालांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिची वीस इंची दुर्बीण त्या वेळी देशातली सर्वांत मोठी. ती डब्लिनच्या ग्रब कंपनीची. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी गिरवलीच्या डोंगरावर आलेली दोन मीटरची दुर्बीणही परदेशातच, इंग्लंडमध्ये, बांधलेली. मधल्या काळात बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने २.३४ मीटरचा आरसा आपल्याच प्रयोगशाळेत घासून-पॉलिश करून दाखवला होता. ए. पी. जयराजन यांच्या देखरेखीखाली तो झाला, आणि १९८६ मध्ये कावलूरला ती दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. ते कसब पुण्याकडे का वळलं नाही, हा प्रश्न मला पडतो. हौशी पातळीवर मात्र पुणं मागे नाही. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आयुकात अरविंद परांजपे यांनी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या, त्यांत महाविद्यालयीन मुलांनी आणि शिक्षकांनी स्वतः आरसे घासले, हाताने. त्या वेळी घासलेले आरसे आजही ठिकठिकाणच्या शाळांत उभे आहेत, किंवा कपाटात आहेत.

खोडदला मात्र आरसा इथेच झाला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली ही तबकडी पत्र्याची नाही. पोलादी दोरांच्या ताणलेल्या जाळ्यावर ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस तारेची जाळी. मधल्या भागात दहा मिलिमीटरची भोकं, कडेला वीसची. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि किंमत आटोक्यात. चाळणीसारखं भोकाळ जाळं आरसा कसा होतो, असा प्रश्न खोडदच्या विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. उत्तर पुन्हा तरंगलांबीचंच. हायड्रोजनची लहर एकवीस सेंटिमीटरची. तिला सेंटिमीटरचं भोक दिसतच नाही, आणि एखाद्या सेंटिमीटरचा खाचखळगाही खपतो. काचेच्या आरशाला सत्तर नॅनोमीटर, तारेच्या आरशाला सेंटिमीटर. नियम एक, माप वेगळं.

पण जीएमआरटीत मला सगळ्यात आवडतो तो भाग जमिनीलगतचा. तबकडीचा हलणारा भार शंभर टनांच्या वर. तो फिरवायला सहा हॉर्सपॉवरच्या डीसी मोटारी आहेत, म्हणजे इकडच्या विहिरीवर असते तेवढीच ताकद. मोटार आणि तबकडी यांच्यामध्ये जे गिअर आहेत त्यांचं गुणोत्तर आडव्या फिरण्यासाठी सुमारे एकोणीस हजारांस एक आणि वर-खाली होण्यासाठी पंचवीस हजारांस एक. मोटार दीड हजार फेऱ्यांना पळते तेव्हा तबकडी मिनिटाला तीस अंश वळते. ताऱ्यामागे जाताना तर तिचं वळणं डोळ्याला कळतच नाही. शिवाय प्रत्येक अक्षावर मोटारी दोन, आणि त्या एकमेकींविरुद्ध किंचित ताण धरून असतात, म्हणजे गिअरच्या दातांमधली सैल जागा कुठल्याही दिशेला मोकळी राहत नाही. बैलगाडा शर्यतीच्या मुलखात हे बघायला गंमत वाटते. घाटात सगळा जीव सेकंदाच्या अंशावर टांगलेला, आणि इथे एकोणीस हजार फेरे खर्चून एक.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरते. जुन्नर, आंबेगाव आणि त्यापलीकडच्या शाळा-महाविद्यालयांतली मुलं आपापली मॉडेलं घेऊन येतात. त्यांत पाणी उपसणारी, बिबट्या आला की भोंगा वाजवणारी, ठिबक चालू-बंद करणारी यंत्रं असतात. बिबट्या हा इकडे विनोदाचा विषय नाही. रात्री शेतात दुर्बीण लावून बसायचं तर एकट्याने बसू नये, आणि घराच्या गच्चीसारखी जागा नाही. या मुलांच्या हातांना वायपरची मोटार, वायरिंग, वेल्डिंग सगळं येतं. मला विचारलं तर शाळेने पहिला आरसा सहा इंचीच घ्यावा आणि त्यासाठी यंत्र अजिबात बनवू नये. हात काय करतो ते आधी कळावं लागतं, नाहीतर यंत्राला काय शिकवायचं? आठ-दहा इंचांवर गेल्यावर नारायणगावच्या दुकानात जाऊन पुल्या आणाव्यात, आणि एखाद्या लेथवाल्याकडून शाफ्ट बसवून घ्यावा. आरसा तयार झाला की त्यावर ॲल्युमिनियमचा थर निर्वात पात्रात चढवावा लागतो, नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ. ते काम गावात होत नाही. तेवढं बाहेर पाठवावं.

मोटार निवडताना जुन्नर तालुक्यात एक जास्तीची अट लागते. ड्रिल, ग्राइंडर, मिक्सर यांच्या मोटारींत कार्बनचे ब्रश असतात, आणि ब्रश घासताना ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी ही लहानशी रेडिओ लहर, सगळ्या वारंवारितांवर पसरलेली. खोडदच्या तबकड्या ज्या लहरी ऐकतात त्या अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या असू शकतात आणि इथे पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेल्या असतात. विजेच्या तारांवरच्या सैल जोडातली ठिणगीसुद्धा त्यांना गोंगाट वाटते, आणि असा गोंगाट ओळखून विदेतून काढून टाकण्यासाठी तिथे स्वतंत्र यंत्रणा आहे. गिरणीच्या १४४० च्या इंडक्शन मोटारीला ब्रश नसतात. सुरू होतानाची एक टिक सोडली तर ती गप्प असते. वायपरची मोटार ब्रशची, तिला टोकांवर लहान कॅपॅसिटर लावून बऱ्यापैकी गप्प करता येतं. दोन-पाच रुपयांचा खर्च. आरसा घासायचं यंत्र तबकड्यांच्या शेजारच्या गावात बसवायचं असेल तर तो कॅपॅसिटर पुलीइतकाच जरुरीचा धरावा.